सगळ्यात खालच्या रकान्यातल्या माणसांबद्दल: इतिहास शिकवणाऱ्या सर-मॅडमना खुलं पत्र

आदरणीय सर आणि मॅडम,

मी इतिहासातली नाही हे आधीच सांगते. नाशिकमध्ये एका बांधकाम कंत्राटदाराच्या ऑफिसात १९ वर्षं मस्टर आणि पगारपत्रक सांभाळतेय. कोण कामावर आलं, कोणाचा खाडा पडला, कोणी किती उचल घेतली, शनिवारी हातात किती द्यायचे, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. मुलगी सहावीत आहे. मागच्या चाचणीत तिला प्रश्न होता, इजिप्त, मेसोपोटेमिया आणि भारत या प्राचीन संस्कृतींमधली सामाजिक उतरंड आकृती काढून दाखवा व तुलना करा. उत्तर वर्गात आधीच लिहून दिलेलं होतं. तीन त्रिकोण काढायचे, टोकाला राजा, खाली पुरोहित, मग अधिकारी आणि लेखनिक, मग व्यापारी-कारागीर, मग शेतकरी, तळाला गुलाम, भारताच्या त्रिकोणात चार वर्ण, आणि शेवटी एक वाक्य की सर्व प्राचीन संस्कृतींमध्ये विषमता होती. माझ्या मुलीने त्याच्या पुढे स्वतःचं एक वाक्य जोडलं, की इजिप्तमध्ये धान्य वेळेवर मिळालं नाही म्हणून कामगारांनी संप केला होता. त्यावर लाल रेघ, अर्धा मार्क कमी, बाजूला शेरा 'पुस्तकात नाही'.

अर्ध्या मार्काचं एवढं काही नाही, आणि पेपर तपासणाऱ्यांवर रागही नाही, एका रात्रीत केवढे गठ्ठे संपवायला लागतात ते मला माहितीये. पण ते वाक्य तिला मी सांगितलेलं आणि ते खरं आहे. म्हणून हे पत्र, तिच्या एकटीच्या शाळेला नाही तर जे इतिहास शिकवतात, जे पुस्तकं लिहितात आणि जे पेपर काढतात त्या सगळ्यांना.

तो संप कसा झाला ते जरा सविस्तर सांगते, कारण माझं या सगळ्यात डोकं घालणं तिथूनच सुरू झालं. नाईल नदीच्या पश्चिमेला, आजच्या लक्सॉरच्या समोर, देर अल-मदिना म्हणून एक वस्ती होती. राजांच्या दरीतली थडगी खोदणारे, गिलावा करणारे, चित्रं काढणारे लोक तिथे बायकापोरांसह राहायचे. पगार धान्यात. साध्या कामगाराला महिन्याला ४ खार गहू आणि दीड खार जव, मुकादमाला साडेपाच खार गहू आणि २ खार जव, एक खार म्हणजे साधारण ७६-७७ लिटर. तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ११५७च्या आसपास, हे धान्य यायला उशीर व्हायला लागला. एक दिवस सगळी टोळी हत्यारं ठेवून वस्तीच्या चौक्या ओलांडून बाहेर पडली आणि एका जुन्या राजाच्या देवळामागे जाऊन बसली. म्हणाले, आम्ही उपाशी आहोत, महिन्याचे १८ दिवस उलटलेत. पुढे त्यांनी अजून सांगितलं की भूक आणि तहान आम्हाला इथे घेऊन आलीये, कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, हे फॅरोला, म्हणजे राजाला, कळवा आणि वजिरालाही कळवा. हे सगळं लिहिलेला कागद आज इटलीत ट्युरिनच्या म्युझियममध्ये आहे आणि तो अमेननाख्त नावाच्या त्यांच्याच लेखनिकाने लिहिला असं मानतात. म्हणजे माझ्यासारखंच काम करणाऱ्या माणसाने. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्याकडे दिवाळीच्या तोंडावर बिल अडकलं होतं आणि बाहेर पायरीवर गवंडी बिगारी बसून होते, त्यामुळे मला ते तीन हजार वर्षांपूर्वीचं अजिबात वाटलं नाही.

आणि त्याच वस्तीतलं एक मस्टर सापडलंय. खरंखुरं मस्टर! चुनखडीच्या एका मोठ्या कपच्यावर लिहिलेलं, दुसऱ्या रामसेसच्या ४०व्या वर्षाचं, आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ४० माणसांची नावं, २८० दिवसांची नोंद, गैरहजर दिवसाची तारीख काळ्या शाईने आणि त्याच्या डोक्यावर कारण लाल शाईने. डोळे आले. आई आजारी. सेबाला विंचू चावला. भावाच्या प्रेताचं बघायचं होतं. घरात बायको किंवा मुलगी पाळीवर होती. बियर करायची होती. एकाच्या नावापुढे लिहिलंय की खोन्सूबरोबर पीत बसला होता. मी हे मुलीला दाखवलं तर ती म्हणाली आई हे तर तुझ्या रजिस्टरसारखंच आहे, आणि मग तिने बसून प्रत्येकाचे खाडे मोजायला सुरुवात केली, कोणी सांगितलं नव्हतं तिला.

आता त्रिकोणात ही माणसं कुठे बसतात सांगा. 'कारागीर' या रकान्यात. तिथे कामगाराला साडेपाच खार आणि मुकादमाला साडेसात, म्हणजे फरक दीडपटसुद्धा नाही, आजच्या साइटवर इंजिनिअर आणि बिगारीत किती पट असतो ते मी रोज लिहिते. पण त्याच वस्तीला पाणी गाढवावर लादून चढण चढून आणणारे पाणके होते, कपडे धुणारे होते, आणि दळण दळायला सरकारच्या मालकीच्या दासी नेमून दिलेल्या होत्या, कोणत्या घराला किती दिवस ते वाटून दिलेलं. म्हणजे संप करणाऱ्यांच्याही खाली माणसं होती, आणि त्या दळणाऱ्या बायकांनी संप केल्याचं कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही. त्रिकोणाच्या एका रकान्यात एवढं सगळं आहे. एक आडवी रेघ मारून ते दिसत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की उतरंड नियमांच्या पुस्तकातून शिकवता तशी हिशेबाच्या वहीतूनही शिकवा. नियमाच्या पुस्तकात वरच्या माणसाला काय व्हावंसं वाटतं ते असतं. वहीत खालच्याच्या ताटात काय पडलं ते असतं. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय तुलना होत नाही.

मेसोपोटेमियाचंच घ्या. बाबिलोनचा राजा हम्मुराबी, त्याचे कायदे पुस्तकात दोन ओळीत आहेत, 'डोळ्यास डोळा'. इ.स.पू. १७५०च्या सुमाराचे, माणसाच्या उंचीपेक्षा मोठ्या काळ्या दगडावर कोरलेले २८२ कायदे, दगड पॅरिसच्या लूव्हरमध्ये. पण डोळ्यास डोळा फक्त अविलुमचा हो! अविलुम म्हणजे वरचा, मोकळा प्रतिष्ठित माणूस. त्याचा डोळा फोडला तर फोडणाऱ्याचा डोळा जाणार. मुश्केनुम, म्हणजे साध्या माणसाचा फोडला तर १ मीना, म्हणजे साधारण अर्धा किलो, चांदी भरा. गुलामाचा फोडला तर त्याच्या किमतीच्या निम्मे पैसे, तेही मालकाला. वैद्याची फीसुद्धा ठरलेली, तेच ऑपरेशन, अविलुमचे १० शेकेल (शेकेल म्हणजे चांदी तोलायचं छोटं वजन), मुश्केनुमचे ५, गुलामाचे २ आणि ते मालकाने द्यायचे. गरोदर बाईला मारून गर्भ पडला तर परत तेच, १०, ५, २. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते रेट कार्डच वाटलं, माणसांचं रेट कार्ड. पोरांना हा तक्ता द्या आणि म्हणा आकडे बघा, त्यांना उतरंड म्हणजे काय ते दोन मिनिटांत कळेल, आणि घरी जाऊन झोप येणार नाही कदाचित, पण ती न येऊ दे एक दिवस.

त्याच देशात त्याच्याही आधी, उरच्या तिसऱ्या राजघराण्याच्या काळात, इ.स.पू. २१००-२००० च्या दरम्यान, शिधा वाटपाच्या मातीच्या पाट्या आहेत, हजारोंनी. कामकरी पुरुषाला महिन्याला ६० सिला जव, बाईला ३०, पोरांना १०-१५-२० अशी वयाप्रमाणे. एक सिला म्हणजे जवळजवळ एक लिटर. त्या बायका बहुतेक सरकारी आणि देवळाच्या विणकामाच्या कारखान्यांमध्ये राबायच्या, कित्येकींची पोरं त्याच यादीत त्यांच्या नावाखाली. बाईला बरोबर निम्मं. माझी आई सिन्नरकडे निंदणी-खुरपणीला जायची, गड्याला जेवढे मिळायचे त्याच्या निम्मे तिला मिळायचे आणि ती म्हणायची की रीतच आहे तशी. ती रीत किती जुनी आहे ते मला त्या पाट्यांनी सांगितलं. तुमच्या त्रिकोणात बाईचा रकाना कुठे आहे? राजाची राणी टोकाला, दासी तळाला, मधल्या सगळ्या बायका गायब.

ग्रीसचं थोडक्यात, कारण आमच्या वर्कशीटमध्ये ते नव्हतं. अथेन्समध्ये इरेक्थियॉन नावाचं देऊळ इ.स.पू. ४०९ नंतर पूर्ण करत होते त्याचे खर्चाचे हिशेब दगडावर कोरलेले सापडलेत. नागरिक, बाहेरून येऊन राहिलेले परके आणि गुलाम, तिघंही एकाच खांबावर काम करतायत आणि दिवसाची मजुरी तिघांचीही १ द्राख्मा, म्हणजे तिथलं चांदीचं नाणं. वाचून आनंद होतो, मग लक्षात येतं की गुलामाची द्राख्मा त्याच्या मालकाच्या खिशात जाणार. स्पार्टाचं तर विचारूच नका, प्लाटियाच्या लढाईला, इ.स.पू. ४७९, प्रत्येक स्पार्टन सैनिकामागे ७ हेलोट, म्हणजे त्यांची शेती कसणारे गुलामासारखे लोक, होते असं हिरोडोटस लिहितो, आणि आपण पोरांना स्पार्टाचं शौर्य तेवढं सांगतो.

आता आपल्याकडचं, कारण खरं बोलायचं ते इथेच आहे.

भारताचा त्रिकोण काढताना हडप्पा आणि चार वर्ण एकाच चित्रात घालू नका, ही हात जोडून विनंती. मोहेंजोदडोमध्ये राजवाडा म्हणावा अशी इमारत सापडलेली नाही, सोन्याने भरलेलं राजाचं थडगं नाही, ७०० च्या आसपास विहिरी आहेत, घराघरातून निघून रस्त्यावरच्या गटाराला मिळणाऱ्या मोऱ्या आहेत. घरं लहानमोठी आहेत, म्हणजे सगळे सारखे होते असंही नाही. ज्याला पुरोहित-राजा म्हणतात तो पुतळा १७.५ सेंमीचा आहे, वीतभर, आणि तो पुरोहित होता की राजा होता की दोन्ही नव्हता हे कोणाला माहीत नाही कारण लिपीच वाचता आलेली नाही. तिथे त्रिकोण काढायला लावणं म्हणजे पोरांकडून खोटं लिहून घेणं आहे. रिकामा कागद सोडा आणि सांगा की इथे अजून माहीत नाही, सहावीतल्या पोरांना ते चालतं, उलट आवडतं.

वर्णांचा उल्लेख ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या पुरुषसूक्तात येतो, आणि पुढे मनुस्मृतीत त्याचे दर ठरतात. दर हा शब्द मी मुद्दाम वापरते. कर्जावरचं महिन्याचं व्याज, शेकडा, ब्राह्मणाला २, क्षत्रियाला ३, वैश्याला ४, शूद्राला ५. ज्याच्याकडे कमी त्याला व्याज जास्त. हम्मुराबीच्या १०-५-२ च्या शेजारी हे २-३-४-५ लिहा ना फळ्यावर, ही खरी तुलना! आणि मग एक पाऊल पुढे जा. हम्मुराबीचा ११७वा कायदा म्हणतो की कर्जापायी कोणी बायको-पोरांना सावकाराकडे राबायला दिलं तर त्यांनी तीन वर्षं राबायचं आणि चौथ्या वर्षी ती मोकळी. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात लिहिलंय की मालकाने सोडलं तरी शूद्र दास्यातून सुटत नाही, कारण ते त्याच्या जन्माबरोबरच आलेलं आहे. दहाव्या अध्यायात लिहिलंय की ऐपत असली तरी शूद्राने धन साठवू नये. बाबिलोनही क्रूर होतं, मुलाबाळांना गहाण ठेवणारं होतं, पण तिथे चौथं वर्ष होतं. इथे चौथं वर्षच काढून टाकलं. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती ही, आणि २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक का जाळलं हे ज्या पोराला कळायला पाहिजे त्याला 'सर्व संस्कृतींमध्ये विषमता होती' हे वाक्य देऊन आपण काय केलं? आपण त्याच्या हातातला प्रश्न काढून घेतला. मोठी माणसंही हेच वाक्य वापरतात, जातीचा विषय निघाला की लगेच, अहो सगळीकडेच होतं की, रोममध्ये नव्हतं का, इजिप्तमध्ये नव्हतं का. होतं. किती होतं, कोणाला सुटका होती, कोणाच्या पोराला वर जाता येत होतं, हे विचारायच्या आधीच विषय बंद. आणि ते शिकले कुठे? सहावीत, त्या तीन त्रिकोणांखाली.

पण माझं अर्धं म्हणणं नियमांच्या पुस्तकाबद्दल होतं, अर्धं वहीबद्दल, आणि वही आमच्या गावातच आहे. पांडवलेणी. शाळेची सहल दरवर्षी जाते, पोरं माकडांना बघतात, डबे खातात, खाली येतात. त्या १० नंबरच्या लेण्याच्या ओवरीत भिंतीवर एक अख्खं खातं उतरवलेलं आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात, वर्ष ४२, त्याने ३००० कहापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव ठेवली, नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, एकीकडे २००० महिना शेकडा १ व्याजाने, दुसरीकडे १००० महिना शेकडा पाऊण व्याजाने, मुद्दल कधीच परत घ्यायचं नाही, फक्त व्याज. त्या २००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कहापण कपड्यासाठी. मी बोटांवर करून बघितलं. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०, आणि २० जणांना बारा-बारा म्हणजे २४०. तंतोतंत. दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब भिंतीवर जुळतो तेव्हा माझ्यासारखीच्या अंगावर काटा येतो, खरंच येतो. आणि मग विचार येतो की ते २४० कहापण दरवर्षी कोणाच्या मागावरून निघत होते, त्या विणकराला स्वतःला काय उरत होतं, ते मात्र भिंतीवर नाही.

तिथेच ८ नंबरचं लेणं आहे, छोटं. ते कोणी दिलं तर मुगुदास नावाच्या माणसाने, कुटुंबासह. त्याच्या नावामागे 'दासक' आहे आणि अभ्यासकांनी त्याचा अर्थ कोळी, मासे धरणारा, असा लावलाय. राजाच्या जावयाच्या लेण्यापासून चार पावलांवर एका कोळ्याचं लेणं. कार्ल्याच्या चैत्यात दरवाजा करून दिलेल्या धेनुकाकटाच्या सुताराचं नाव आहे, सामी, आणि शेजारी अत्तर विकणाऱ्या सिंहदताचं. जुन्नरच्या लेण्यांमध्ये बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींकडे पैसे ठेवल्याचे लेख आहेत, म्हणजे बुरूड आणि कासार तेव्हा लोकांच्या ठेवी सांभाळत होते! आज बुरूड आळीत जाऊन हे सांगा, लोक तुमच्याकडे बघत राहतील. पुस्तक म्हणतं खालच्याने धन साठवू नये, भिंत म्हणते साठवलं, दान केलं, नाव कोरलं. म्हणून उतरंड खोटी होती असं मी म्हणत नाहीये. त्या भिंतीवर किती जणांची नावं नाहीत तेही दिसतं. पण त्रिकोणात मुगुदास मावत नाही, एवढं तरी पोरांना दिसू द्या.

आणि लिहिलेलं काहीच नसेल तर? शिरूर तालुक्यातलं इनामगाव बघा, घोड नदीच्या काठचं, तीन हजार वर्षांपेक्षा जुनी वस्ती, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी वर्षानुवर्षं खणलेली. ना राजा, ना कायदा, ना अक्षर. तरी वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांचं घर आणि त्याला धान्याचं कोठार, कुंभार सोनार असे कारागीर पश्चिमेच्या कडेला, आणि त्या पाच खोल्यांच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवून पुरलेला एक पुरुष. कोठार कोणाच्या अंगणात आहे हे बघितलं की बाकीचं समजायला लागतं. उतरंड हा शब्दसुद्धा आपण घरातूनच घेतलाय, माझ्या आजीकडे माजघरात एकावर एक मडक्यांची उतरंड होती, सगळ्यात खालचं मडकं सगळ्यात मोठं, आणि ते जागचं हलवायचं नाही अशी आम्हाला ताकीद होती.

सिलॅबस तुमच्या हातात नसतो, तास ३५ मिनिटांचा असतो, निवडणुकीपासून जनगणनेपर्यंत सगळी कामं तुमच्याच गळ्यात असतात, मान्य आहे. जास्त काही मागत नाहीये मी. तीन त्रिकोणांच्या जागी एक मस्टर, एक शिध्याची यादी आणि एक भिंतीवरचा लेख, एवढंच एका तासाला. तुलना करा म्हणण्याऐवजी विचारा की कोणाला किती मिळत होतं आणि न मिळाल्यास त्याने काय केलं. आणि एखाद्या पोराने पुस्तकात नसलेलं वाक्य लिहिलं तर फुली मारायच्या आधी त्याला विचारा, हे कुठून आणलंस?

आमच्या ऑफिसात जुन्या छापाची कोरी मस्टरं पडून आहेत, ४० नावांची, एका पानावर ३१ रकाने. मालकांना विचारून ठेवलंय, ते द्यायला तयार आहेत. नाशिकमधल्या कुठल्याही शाळेने बोलावलं तर मी एक दिवसाची रजा टाकून येते, त्या इजिप्तच्या दगडावरची नावं पोरांकडून त्यात भरून घेते, काळ्या पेनाने तारखा, लाल पेनाने कारणं. सेबाला विंचू चावला तो दिवसही भरू.

आपली,
सहावीतल्या एका मुलीची आई, नाशिक